उभ्या गाडीचं पेट्रोल

आमच्याकडे गाडी कोणाचीही असो, बघणारा आधी एकच विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती?" रंग, कंपनी, मॉडेल, सगळं नंतर. भाचीच्या लग्नाच्या दिवशी हा प्रश्न मला सकाळपासून दुपारपर्यंत निदान चाळीस जणांनी विचारला आणि चाळीसही जणांना मी खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर मलाच माहीत नव्हतं. त्या अज्ञानापायी ऐन मुहूर्ताला नवरीचा मामा आणि नवरीचा नवरा, दोघंही वाटेतच अडकायची वेळ आली होती.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. तीस वर्षं झाली. त्यामुळे माझा हिशेब चुकत नाही, असा एक माज अंगात मुरलेला आहे. बायको त्याला दुसरा शब्द वापरते, तो इथे लिहीत नाही.

माझी धाकटी बहीण नायगावला असते. दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. मागे ती आणि एकुलती एक मुलगी. त्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न शिरूर अनंतपाळच्या मुलाशी ठरलं. मुलगा हैदराबादला नोकरीला. आमच्याकडे नवरदेवाला आणायला मुलीकडचा माणूस गाडी घेऊन जातो, त्याला मूळ जाणं म्हणतात. मूळ म्हणून मी जायचं हे ठरलेलंच होतं, कारण दाजींच्या मागे मोठा माणूस मीच. प्रश्न गाडीचा होता. नवरदेवाच्या मित्रांनी बहिणीच्या कानावर घातलं की हल्ली मुलीकडचे एकेक भारी गाड्या पाठवून राहिलेत. झालं. तिनं रात्रीचं जेवण सोडलं. "दादा, बिनबापाच्या पोरीच्या लग्नात कमी पडलं असं कोणी म्हणाया नको," म्हणाली. आणि मी उत्साहात बोलून बसलो की माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे स्पोर्ट्स कार आहे, ती आणतो.

विद्यार्थी लातुरातला नामांकित डॉक्टर. गाडी अशी की रस्त्यानं जाताना शेंगदाणे विकणारासुद्धा हात थांबवतो. बसकी, रुंद, दोनच सीट. दोनच सीट म्हटल्यावर ड्रायव्हर नेता येत नाही. नवरदेव आणि मूळ, संपलं. म्हणजे चालवायची मीच. डॉक्टरनं मोठ्या मनानं किल्ली दिली आणि एकच अट घातली. "सर, हिला साधं पेट्रोल चालत नाही. जास्त ऑक्टेनचं, महागातलंच टाका. साध्यानं इंजिन आतून ठोके देतं." मी म्हटलं, शब्द दिला.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी नायगावला गेलो होतो. भाची मला घरामागच्या नळाजवळ घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मामा, मुळाला तुमी जाऊन राहिले ना? येताना गाडीत तुमी दोघंच असताव. जरा बघा, माणूस कसा हाय ते."

"आता बघून काय करायचं? पत्रिका वाटून झाल्या."

"करायचं काई न्हाई. मला फक्त कळावं. मी चार वेळा बोलले त्यांच्याशी. चारी वेळा त्यांची आई बाजूला होती. पप्पा असते तर त्यांनी बघितलं असतं." मग नळ बंद करत म्हणाली, "अंतरपाट धरायच्या आत सांगा. अन् मागं तुमीच उभं राहा. काका-बिका कोणी नको."

आमच्यात मुलीला मांडवात आणतो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो मामाच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.

आता माझा हिशेब ऐका. कंपनीच्या कागदावर लिटरला अकरा किलोमीटर. डॉक्टर म्हणाला, लातूरच्या ट्रॅफिकमध्ये जेमतेम पाच. मी शहाण्यासारखा मधला आकडा धरला, सात. टाकीत अठ्ठावीस लिटर होतं. अठ्ठावीस साते एकशे शहाण्णव. लातूर ते शिरूर पंचेचाळीस, शिरूरहून उदगीर, मुखेडवरून नायगाव एकशे पंधरा. एकूण एकशे साठ. म्हणजे छत्तीस किलोमीटर हातचे. तरीही पहाटे निघताना पंपावर गेलो. तिथला माणूस म्हणाला, "ते महागातलं संपलंय सर. टँकर संध्याकाळी." मी फिकीर केली नाही. छत्तीस हातचे होते ना.

शिरूरला पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. स्टेअरिंगमागच्या पडद्यावर गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा येतो. तो एकशे साठ दाखवत होता आणि मला हवे होते एकशे पंधरा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग नवरदेव आला. शेरवानी, मुंडावळ्या, वर तुरेबाज फेटा. गाडीचं छत इतकं खाली की फेट्यासकट त्याला मान तिरकी करूनच बसावं लागलं. पाय लांब करून, मान वाकडी करून तो मला म्हणाला, "राम राम मामा." पुढे बेंजो वाजायला लागला आणि मारुतीला नारळ फोडायला आम्ही निघालो.

त्याच्या घरापासून मारुती असेल अर्धा किलोमीटर. त्याला लागले दोन तास. मित्र पुढे नाचत होते, पाच पावलं पुढे यायचे आणि दहा मागे जायचे. दर दोन मिनिटांनी कोणीतरी काचेवर टकटक करून म्हणायचा, "मामा, आवाज काढा की!" मी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो. गाडी अशी गुरगुरायची की ओट्यावरच्या बाया कानावर पदर धरायच्या. एप्रिलचं ऊन, आत एसी पूर्ण. म्हातारे वाकून विचारायचे, "किती देती?" मी सांगायचो, "सात." आणि मनात म्हणायचो, अर्धा किलोमीटर म्हणजे किती, घोटभर पेट्रोल.

तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलोय: विस्थापन शून्य, तर कार्य शून्य. भिंत कितीही ढकला, भिंत हलली नाही तर तुम्ही काही केलं नाही. मुलं हसतात, घाम फुटला तरी कार्य शून्य कसं म्हणतात. मी त्यांना दटावतो. त्या सकाळी मी तसाच विचार केला. गाडी हलतच नाही, मग ती पिणार काय?

नारळ फुटला, निरोपाचं कुंकू झालं, गाव मागे पडलं आणि मी पडद्याकडे पाहिलं. आकडा होता चौऱ्याऐंशी. नायगाव एकशे पंधरा.

आधी वाटलं, चष्म्यावर धूळ बसली असेल. पुसला. चौऱ्याऐंशीच. मी गाडी बाजूला घ्यायच्या बेतात होतो. ही गाडी मुळात किलोमीटरवर पीतच नव्हती, तासावर पीत होती. उभी असली तरी आतला तो अवाढव्य कारखाना चालूच होता. आणि मी शहाणा, तिला दोन तास जागच्या जागी पाजत बसलो होतो.

"काय झालं मामा?" नवरदेवानं विचारलं.

"काही नाही. रस्ता बघतोय."

उदगीरला पंप दिसला. काच खाली करून महागातलं पेट्रोल आहे का विचारलं. पंपावरचा हसला. "ते इकडं कोण घेतंय? साधं टाकू का?" मी नको म्हटलं आणि निघालो. आज विचाराल तर सांगेन, तेव्हाच पाच लिटर साधं टाकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. नंतर डॉक्टर पोट धरून हसला होता. म्हणाला, "सर, एकदा पाच लिटरनं काय होतंय? कायम टाकू नका म्हणलो होतो मी!" पण त्याचा फोन त्या सकाळी लागत नव्हता, तो ऑपरेशनमध्ये. आणि मी ठरलो शब्दाचा पक्का. अक्कल गहाण टाकून शब्द पाळणारी माणसं आमच्या घराण्यात पिढीजात आहेत.

मग मी ती साडेतीनशे घोड्यांची गाडी पन्नास-साठच्या वेगानं हाकायला लागलो. ब्रेक जपून, अ‍ॅक्सिलरेटर पिसासारखा. आम्हाला ट्रॅक्टर सोडून सगळ्यांनी ओव्हरटेक केलं. एसटीच्या खिडकीतून पोरं हात दाखवत ओरडत होती. एक मोटारसायकलवाला शेजारी आला, मागे त्याची बायको आणि तिच्या मांडीवर दुधाची किटली, आणि चालत्या गाडीवरून त्यानं विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती, साहेब?" मी म्हणालो, "आठ." तो म्हणाला, "मग इतकी हळू कामून?" मी नुसता हसलो.

बहिणीचे फोन सुरू झाले. "दादा, कुठं हाव?"

"आलोच."

"आलोच म्हंजी कुठं? गुरुजी आलेत. बारा पस्तीसचा मुहूर्त हाय."

"आलोच गं."

चार फोन, चार वेळा आलोच. मी पाच सेकंदांनी एकदा पडद्याकडे बघत होतो. रस्त्याकडे बघायचं राहून जात होतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे तर मी बघतच नव्हतो. भाचीनं सांगितलेली गोष्ट डोक्यातून साफ गेली होती.

मुखेडच्या अलीकडे नवरदेवानं हात पुढे केला आणि एसीचं बटन बंद केलं. मी काही बोललो नव्हतो. शेरवानी, फेटा, गळ्यात फुलांचा जाड हार आणि बाहेर एप्रिल. त्यानं काच थोडी खाली घेतली.

"अहो, राहू द्या. घामाघूम होताल," मी म्हणालो.

"पेट्रोल कमी हाय ना मामा? तुमी दर घडीला तिकडंच बघून राहिले." मग मान तशीच तिरकी ठेवून म्हणाला, "खरं सांगू का? मला ही गाडी नको होती. मित्र म्हणले म्हणून गप बसलो. म्हटलं तुमाला हौस आसंल."

"मला?" मी ओरडलोच. "आम्हाला वाटलं तुम्हाला हवी!"

मग तो हसायला लागला. मलाही हसू आलं, पण पडद्यावरचा आकडा बघून ते अर्ध्यात विरलं. मुखेडच्या पंपावर त्यानं सुचवलं, "टाका की मामा, चार-पाच लिटर साधं." मी म्हटलं, गाडी दुसऱ्याची आहे, शब्द दिलाय. त्यानं पुन्हा म्हटलं नाही. फेटा काढून ठेवू का, म्हणजे जरा वारा लागेल, एवढं मात्र विचारलं आणि मग स्वतःच म्हणाला, "नको. परत कोण बांधणार."

गंमत बघा. एसी बंद, वेग एकसारखा, ब्रेक नाही, तर गाडीनं सरळ कंपनीचा शब्द पाळला. लिटरला अकरा. कागदावरचा आकडा खरा होता, फक्त त्यासाठी ती गाडी स्पोर्ट्स कारसारखी चालवायची नव्हती. नरसी ओलांडून नायगावात शिरलो तेव्हा अकरा वाजले होते आणि पडद्यावर एकवीस उरले होते.

तिथल्या मारुतीच्या देवळापासून मांडव एक किलोमीटर. हातात एकवीस. दुसरा कोणी असता तर निश्चिंत झाला असता. मी सकाळी धडा शिकलो होतो, त्यामुळे मी आणखीच धास्तावलो. कारण खरा परण्या आता सुरू होणार होता. देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक, बेंजो, फटाके, दोन्हीकडची माणसं. याचं मोजमाप किलोमीटरमध्ये करायचंच नव्हतं.

देवळात आहेर, टिळे, फोटो यांत तासभर गेला, पण तेवढा वेळ गाडी बंद ठेवता आली. परण्या निघाल्यावरही मी बंद करून बघितली. लगेच काचेवर टकटक. "मामा, आवाज!" चालू केली. पुन्हा बंद केली. तेव्हा नवरदेवाकडचे एक थोराड पाहुणे बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "मुलीकडल्यांनी गाडी तर देली. आवाज देताना मात्र जीव चाल्लाय त्यांचा."

पुढे बहीण आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या कानावर ते गेलं असावं, कारण तिचा चेहरा पडला. तो चेहरा बघून माझा पाय आपोआप खाली गेला. गाडी गरजली. लोक खूश झाले. एकवीसचे चौदा झाले. कोपऱ्यावर नऊ. शाळेपाशी पोरं कमरेवर हात ठेवून नाचायला थांबली आणि चार. कोणीतरी काचेत तोंड घालून विचारलं, "किती देती?" मी म्हणालो, "दहा." मग आकडा गेला आणि नुसत्या दोन रेघा आल्या.

मांडव समोर दिसत होता, दोनशे पावलांवर. घड्याळात बारा पंचवीस. आणि लाउडस्पीकरवर गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं. मुलीचे मामा कुठं आहेत?"

गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली.

मी बटन दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. लाउडस्पीकर पुन्हा, "मुलीचे मामा!" मी स्टेअरिंग सोडून जाऊ कसा? लाखमोलाची परक्याची गाडी, आत नवरदेव, भोवती चारशे माणसं. आणि न जाऊ कसा? ती तिथे खोलीत दाराकडे डोळे लावून बसलेली असणार. आणि दुसऱ्या कोणाला उभं करायचं तर तिनं परवाच सांगितलं होतं, कोणी नको. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आलं, घाम नव्हता तो.

थोराड पाहुणे वाकले. "आता काय झालं? बंद पडली का मुलीकडल्यांची गाडी?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत शेजारून नवरदेव म्हणाला, "माझा हात लागला बटनाला, आण्णा. मीच बंद केली." मग मित्रांना ओरडला, "लई नाचलाव. आता ढकला जरा!" पोरांना ती नवीनच मजा वाटली. आरडाओरडा करत सगळे मागे धावले. तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमी पळा. स्टेअरिंग मी धरतो."

दार उघडून मी रांगत बाहेर पडलो. त्या गाडीतून पन्नाशीच्या माणसाला तसंच बाहेर पडता येतं. आणि पळालो. धोतराचा सोगा एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात. बेंजोवाल्यांच्या मधून, पंगतीच्या टेबलांमधून. मागे कोणीतरी म्हणालं, वरातीमागून घोडं ऐकलं होतं, हे वरातीपुढून. ऐकू आलं, पण थांबलो नाही.

खोलीचं दार उघडं होतं. भाची पाटावर बसली होती, हातात सुपारी, खांदे कानापर्यंत ताणलेले. मला बघून ती उठली. मी तिला मांडवात आणलं. तोवर गाडी ढकलत दारात आली होती आणि नवरदेव आपल्याच लग्नाला स्वतः स्टेअरिंग फिरवत पोचला होता. तो उतरला, पाय धुतले, समोर येऊन उभा राहिला. दोघा जणांनी अंतरपाट धरला. मी तिच्या मागे, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मला अजून धाप लागली होती.

तिनं मान न वळवता विचारलं, "मामा, बघितलाव का?"

एकशे पंधरा किलोमीटर मी आकडा बघितला होता. तिनं सांगितलेलं एवढं एकच काम, ते विसरलो होतो. बघितलं नाही बाळा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"पेट्रोल माझ्या चुकीनं संपलं," मी तिच्या कानाशी म्हणालो. "त्यानं चारचौघांत स्वतःवर घेतलं. अन् मुखेडच्या अलीकडं कोणी न सांगता एसी बंद केला, एवढ्या उन्हात."

गुरुजींनी आमच्याकडे डोळे वटारले आणि पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. माझ्या हातांखाली तिचे खांदे हळूहळू खाली आले. अंतरपाटाच्या वरून पलीकडच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता, गाडीच्या छताला घासून घासून एका बाजूला वाकलेला.